उजेडात या

दुकानात ट्यूबलाइट सहा, आणि सहाही खोटारड्या.
म्हणून कापड बघायचं तर पायरी उतरायची,
हरभट रोडच्या कडेला उभं राहायचं,
पदर एका हातात, ताक्याचं टोक दुसऱ्या हातात.
रिक्षा हॉर्न देतेय, देऊ दे.
"उजेडात या," कुबेरअण्णा म्हणतात
दिवसातनं शंभरदा.

मी इथं लागले तेव्हा मला सहा रंग येत होते.
बारावी पास, आणि सहा रंग!
अण्णांनी वही पुढ्यात टाकली.
पानापानावर टू बाय टूची बोटभर चिंधी
खळीनं चिकटवलेली, शेजारी बॉलपेननं नाव, तिरपं.
डाळिंबी म्हणजे दाण्याची. सालीची वेगळी.
गुलबक्षी संध्याकाळी पाचची,
सकाळची मिटलेली नव्हे.
वांगी, अंजिरी, आमसुली या तिघी सख्ख्या जावा,
शेजारी ठेवल्या की भांडतात,
लांबनं एकच दिसतात.
मोतिया पांढरा नसतो. बदामी पिवळा नसतो.
काळा मात्र सात तऱ्हेचा असतो
आणि गिऱ्हाईक आठवा मागतं.

सुरतेची माणसं शेडकार्ड देऊन जातात:
चारशे सतरा, चारशे अठरा.
अण्णा कार्डाच्या पाठीवर चहाचा हिशेब लिहितात.
"चारशे सतरा नेसून हळदीला कोण बसणार?"

तासगावची बाई म्हणते, बेदाणा द्या.
हिरवा का पिवळा?
कुणी हळदी मागितला की मी विचारते,
पॉलिश केलेल्या हळकुंडाचा, का ओल्या?
मिरजेच्या नसीमआपा नाव घेतच नाहीत, बोट दाखवतात:
वर, डावीकडं, तिसऱ्या कप्प्यात.
त्यांचं बरोबर असतं.

मग पूर आला.
पाणी पायरी चढलं, गल्ल्यावर चढलं,
चौथ्या कप्प्यापर्यंत गेलं आणि तिथंच बसलं
पाहुण्यासारखं, नऊ दिवस.
ओसरल्यावर वही उघडली.
चिंध्यांनी एकमेकींत रंग सोडला होता,
सगळी पानं एकाच रंगाची.
त्याचं नाव कृष्णेला माहीत असेल, आम्हाला नाही.
बॉलपेन मात्र जागच्या जागी.
दोनशे अकरा नावं शाबूत
आणि त्यांच्या शेजारी कुणीच नाही.
अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
चष्मा कोरडा होता.

पुन्हा चिकटवल्या सगळ्या, दिवाळीपर्यंत.
शेवाळीवरनं आमचा दोन दिवस अबोला.
"तांबूस मेहंदी" कशाला म्हटलं होतं
ते त्यांनाच आठवेना.
ते पान कोरं आहे अजून.

काल जतहून दऱ्याप्पाकाका आले.
पिशवीत इरकलचा तुकडा, हातभर, विरलेला.
"मंडळीच्या चोळीला. ह्याच रंगाचं."
उजेडात आलो.
तुकडा चुलीतल्या राखेसारखा;
घडी उलगडली तर आत
दोऱ्याएवढी रेघ, चिंतामणी.
मी विचारलं,
"काका, आत्ताचा देऊ का तेव्हाचा?"
त्यांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला.
मागं बस थांबली, गेली.
"तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ती ह्याला अजून चिंतामणीच म्हणती."
आणि पैसे मोजता मोजता,
"पण हाताला खोटं कळतंय तिला. मऊ बघून द्या."

ऐंशी सेंटीमीटर मोजलं.
कात्री लावताना अण्णा मागनं म्हणाले,
बोटभर जास्त काप. त्यांच्या तुकड्याची पण माग.

दोन्ही चिंध्या आता वहीत आहेत,
एका पानावर, एकाच नावाखाली.
जुळत नाहीत.
बाहेर नेऊन बघितल्या. तरी नाही.