आडवी रेघ

पाट्टोवर, तिसऱ्या मजल्यावर, एसी गळतो त्या खोलीत
मागच्या सर्व्हरची नोंदवही उघडून बसले आहे.
रात्रीचे सव्वाअकरा.
काणकोणहून प्रमिला वेळीप येऊन गेली, माड तोडायचा परवाना मागायला,
केप्याहून कुणी फुर्ताद, सांग्याहून दोघे गांवकर.
वहीत सगळ्यांच्या नावाच्या जागी
एक आडवी रेघ.
पत्ताही एकच, पुढच्या सर्व्हरचा.
जणू एकच माणूस दिवसभरात चारशे वेळा आला,
दर वेळी वेगळा माड घेऊन.

पुढच्याला सगळं ठाऊक असतं.
पासवर्ड त्यानं विचारला, नाव त्यानं ओळखलं,
आणि ठेवलं आपल्याच परिसरात,
एका व्हेरिएबलमध्ये,
रांदचे कुडीत तिरफळांचा वास राहावा तसं.
निरोप पलीकडे जातो.
वास जात नाही.

ज्योकीम म्हणाला, यूआरएललाच बांध की, प्रश्नचिन्हामागे.
म्हटलं, नको रे. पत्त्यावर लिहिलेलं पोदेरसुद्धा वाचतो.

मग नियम लिहिला:
कुठलाही पत्ता येवो, धर,
आणि काहीच बदलू नकोस.
बदलाच्या जागी पुन्हा तीच
आडवी रेघ.
पुनर्लेखनाचा नियम, ज्यात लिहायचं काही नाही,
जाता जाता नाव तेवढं उचलायचं,
हेडरच्या पदराला गाठ मारून पुढे सोडायचं.

गाठ रिकामी निघाली.
नियम धावतो तेव्हा ओळख पटलेलीच नसते.
त्याला शिकवावं लागलं पुढे डोकावायला,
अजून न विचारलेल्या प्रश्नाचं
उत्तर घेऊन यायला.

आणि या सगळ्याच्या आधी एक ओळ,
ती मी विसरलेच होते:
बाहेरूनच कुणी तशी गाठ मारून आला
तर सोडून टाक.
नाहीतर उद्या कुणीही येईल संचालक होऊन.

पावणेदोनला रेघ गेली.
तिथे उमटलं सुलक्षा डॉट म्हांबरे.
चाचणीला दुसरं होतं कोण?

पहिल्या फेरीबोटीनं चोडण.
मोजणारा गाड्या मोजतो, पायी आलेल्यांकडे बघतही नाही.
मानशीच्या फळ्यांखालून भरतीचं पाणी
खाजनात शिरत होतं.
दार वाजवलं.
आतून आई, झोपेतच: "कोण गे?"
"मी."
"मी कोण?"

कडी अजून लागलेलीच.