तीन दशांश

पेटी रत्नागिरीहून आली, एस.टी.च्या पार्सलने.
वर बाण छापलेला: ही बाजू वर.
हर्णैच्या स्टँडवर ती अर्थातच उलटी उतरली.

आत बोटभर राखाडी डबी,
तिला वायरची शेपटी, शेपटीच्या टोकाला पोलादी सुई.
सूचना अकरा भाषांत, त्यांत मराठी नाही.
मी चित्रं बघत गेलो. सेल उलटा घातला, मग सुलटा.
मुकादमांची तब्बसुम म्हणाली,
"सर, सेलखालची प्लास्टिकची जीभ ओढायची राहिली."
मी सर नव्हे, शाळेचा प्रयोगशाळा परिचर.
ओढली.
पडद्यावर उगवलं: २९.८.
म्हणजे ही आपली हवा. अठ्ठावीस वर्षं नुसती आत-बाहेर केली.

जुना पाऱ्याचा गणपतीच्या सुट्टीआधी फुटला.
त्याच्यावर पोरं डोकं तिरकं करून वाचायची,
पाच जणांची पाच उत्तरं, आणि भांडण.
आता सगळ्यांना एकच आकडा दिसतो.
वर्ग जरा शांत झालाय. मला सवय नाही.

कॅलरीमापी मात्र तोच, तांब्याचा,
लाकडी खोक्यात लोकर पांघरून बसलेला.
झाकणाचं भोक काचेच्या जाडीचं, सुई त्यात डुगडुगते,
घसरून तळाला टेकते;
आणि तळाला टेकली की तांब्याचं सांगते, पाण्याचं नाही.
केतकी पावसेने दप्तरातून जाळ्याचं बूच काढलं,
कंपासच्या टोकाने आरपार टोचलं. बसली. अधांतरी.

मग पारख.
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा,
फडक्यात फोडून, पाणी सुटेपर्यंत थांबून.
शून्य यायला हवं होतं.
०.३
मग उकळत्या पाण्यात. आपण समुद्राच्या पायरीवर राहणारे,
आपलं पाणी शंभरालाच उकळतं,
घाटावरल्यांना एवढंही जमत नाही.
१००.३
जुवाटकर बाई हसल्या:
"खोटं बोलतो, पण दोन्ही टोकांना सारखंच. चालेल.
वजा करून घ्या."
मला धाकटा भाऊ आठवला.
त्याच्या प्रत्येक सुरमईतून मी वीतभर वजा करतो.

शिसं केतकीनेच आणलं, बापसाच्या जाळ्याचं,
दोरीत ओवलेल्या गोळ्या, तीनशे ग्रॅम भरल्या.
वर्षानुवर्षं तळाच्या गारव्यात घासून गुळगुळीत.
दहा मिनिटं उकळत्या पाण्यात लोंबकळत ठेवल्या.
सुई पुसली, निवू दिली, कॅलरीमापीत सोडली:
२७.७, म्हणजे २७.४.
"आता," बाई म्हणाल्या.

केतकीने दोरी झटकली आणि निघाली.
दिव्यापासून टेबलापर्यंत तीन पावलं,
मधे ती खिडकी, जिची बिजागरी खाऱ्या वाऱ्याने खाल्ली,
जी पावसाळ्यातसुद्धा लागत नाही.
ठक्क न करता सोडलं. झाकण. ढवळणी वर, खाली.
२८.९
३०.२
३०.८
कोणी श्वास घेईना.
३१.२, ३१.३,
३१.२ पुन्हा, (कोणीतरी "अरे" म्हणालं)
३१.३. मग तिथेच.

एवढं जड, आणि एवढीच ऊब!
तब्बसुमने कागदावर केलं: ०.०२८.
पुस्तकात ०.०३१.
मागच्या बाकावर खोडरबर निघाले.
"जे आलं तेच लिहायचं," बाई म्हणाल्या,
"आणि उरलेलं कुठे गेलं, तेही लिहायचं."
सगळे खिडकीकडे बघू लागले,
जणू ते अजून तिथेच कुठेतरी, फत्तेगडाच्या बाजूला, जाताना दिसेल.

शाळा सुटली. केतकीने दोरी उचलली,
गोळ्या अजून कोमट. फ्रॉकला पुसून म्हणाली,
"पहाटे होडी निघते. बापूस शोधेल."

मी भांडी धुतली. कॅलरीमापी तेवढा राहू दिला.
३०.४
३०.१
या यंत्राला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही
तर ते आपोआप मिटतं, हे मला चित्रातून कळलं होतं.
मिटलं.
पाणी पुढेही निवत राहिलं असेल.