पिसांच्या बदल्यात गूळ

अजमानच्या चायना मॉलमध्ये, सहाव्या गल्लीत,
शेवटून तिसरं दुकान : नळ, तोट्या, बिजागऱ्या,
आणि मागच्या फळीवर कुणी मागेल ते.
मालकीण छ्यू यिंगफेन. मी तिचा स्टोअरकीपर.
मुकादम तिला जमत नाही,
"मुका" म्हणून हाक मारते.
पहिल्या आठवड्यात अर्थ सांगणार होतो,
मग म्हटलं, असू दे,
दिवसभर बोलतो ते आकडेच तर.

कॅल्क्युलेटर ही इथली बोलीभाषा.
गिऱ्हाईक दाबतं नव्वद. ती पुसते, दाबते एकशे तीस.
गिऱ्हाईक छातीवर हात ठेवतं, वल्ला म्हणतं.
ती हसते. एकशे बावीस.
सुदानी, पठाण, मल्याळी, सगळ्यांचं व्याकरण
दहा बटणांत मावतं.

रमजानच्या आधी चंद्रकोरीचे कंदील येतात,
मग प्लास्टिकची सुरूची झाडं, कापसाचा बर्फ.
एकदा खोक्यांतून दीडशे गणपती निघाले,
सगळे उजव्या सोंडेचे.
मी खुणा करकरून सांगितलं, बाई, हा कडक असतो,
लोक घरात घ्यायला बिचकतात.
(चिपळूणच्या मोहल्ल्यात वाढलो तरी
शेजाऱ्यांचा देव कुठे वळतो, एवढं कळतं.)
तिनं फोटो काढला, कुणालातरी पाठवला.
सव्वा महिन्यात दीडशे आले.
डाव्या सोंडेचे.

ऑगस्टात एसी बंद पडला त्या दुपारी
तिनं फोन पुढे केला. ती चिनीत बोलायची,
फोन हिंदीत, बातम्या दिल्यासारखा.
आजोबा तिचे खांद्यावर कावड घेऊन
गावोगाव हिंडायचे, हातात खुळखुळणारी डफली.
कोंबडीची पिसं घ्यायचे, गुळाचा खडा द्यायचे.
चांगली पिसं झाडणीला,
उरलेली भाताच्या खाचरात.
माती तांबडी. दुसरं पिकायचं काय?

"बोहारीण!" मी ओरडलोच.
फोनला तो शब्द माहीत नव्हता.
मग अंगातला शर्ट ओढून दाखवला, फळीवरचं पातेलं उचललं,
हे दिलं, ते घेतलं,
आईची विरलेली साडी, बोहारणीची घासाघीस,
दारातच अर्धी दुपार.
ती इतकी हसली की घाम पुसायचा राहिला.

आता त्या गावात बुलेट ट्रेन थांबते.
भिंतीवर तांबड्या रंगात एकच अक्षर काढून गेले, भोवती गोल :
पाडा.
त्या गोलाची भरपाई म्हणजे हे दुकान.
सांगताना तिनं गल्ल्यावर हात ठेवला,
जोत्यावर ठेवावा तसा.

मुलगी वेन्छी, तेवीस वर्षांची,
आजीच्या हाताखाली वाढली, आईला स्क्रीनवर ओळखते.
शिकली, शहरात नोकरीला लागली, रोज बारा तास,
आणि एके सकाळी गेलीच नाही.
फोन म्हणाला, मेरी बेटी लेट गई है।
मला वाटलं, उशीर झाला.
कुठे पोहोचायचं होतं तिला, विचारलं.
नाही, नाही. ती आडवी झाली, गादीवर,
छताकडे तोंड करून
पोरीला झेंडूच्या फुलांचा एक चहा फक्त गोड लागतो.
पळायचं नाही म्हणते. कशासाठी, विचारते.
यिंगफेन ते "कशासाठी" पुन्हा पुन्हा ऐकत राहिली,
फोनच्या त्या परक्या आवाजात.

फेब्रुवारीत शटरवर लाल कागद चिकटवला,
दुकान उघडंच.
भर गर्दीत तिनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला : ११.
मी समोरच्या गिऱ्हाइकाला
अकरा दिरहम सूट दिली.
रात्री हिशेब जुळेना तेव्हा कळलं,
भाव नव्हता तो.
अकरावं नवं वर्ष होतं, घरी न गेल्याचं.

अकरा दिरहम तिनं पगारातून कापले नाहीत.
कापले असते तर
बरं वाटलं असतं.