गाजराचा प्रश्न

दर बुधवारी साडेअकराला मी मॅलकीच्या पायाची पट्टी बदलायला जाते.
घोट्यावरची जखम, दोन हिवाळे झाले, भरत नाही.
आमच्या लेट्रिममध्ये जमिनीचंही असंच,
ओल वर येतच राहते.

घरात दोन भाऊ, दोघंही बिनलग्नाचे.
नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.
गावात कुणी म्हणतं बांधावरून, कुणी म्हणतं मृत्युपत्रावरून.
पाणी कुठे मुरतंय ते मला पट्ट्या गुंडाळता गुंडाळता कळलं:
आई स्ट्यूमध्ये गाजर घालायची,
असं फिंटनचं म्हणणं.
जन्मात कधी घातलं नाही,
असं मॅलकीचं.
तिला पुरून आले त्या संध्याकाळी विषय निघाला
आणि तिथेच बसला.

तेव्हापासून जे सांगायचं ते कुत्र्याला.
"त्याला म्हणावं, मीटरवाला येऊन गेला."
"त्याला म्हणावं, मला डोळे आहेत."
कुत्रं ईस्टरच्या आधी गेलं.
आता ते शेगडीपुढच्या त्याच्या गोणपाटाशी बोलतात.

आज फिंटनचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
परवा गोठ्याच्या शिडीवरून पडला.
आणि बुधवार हा त्याच्या स्वयंपाकाचा वार.
टेबलावर मेंढीच्या मानेचं मटण, हाडासकट,
चार कांदे, मूठभर जव,
दोन जातींचे बटाटे, अंगावर अजून माती,
आणि वर्तमानपत्राखाली काहीतरी लांबट.
तो डाव्या हाताने बटाटा सोलत होता,
म्हणजे बटाटाच त्याला सोलत होता.

मी उठणार तोच मॅलकी गोणपाटाला म्हणाला,
"पट्टी नंतर."
एक पाय बूटात, एक उघडा, तसाच लंगडत गेला
आणि भावाच्या हातातून सुरी काढून घेतली,
पातं आपल्याकडे ठेवून.

मग मी नुसती बघत बसले.
भुसभुशीत बटाटे तळाला, ते विरघळून रस दाट करतात.
घट्ट जातीचे सगळ्यात वर, ते शेवटपर्यंत शाबूत राहतात.
मधे मटण, जाड चिरलेला कांदा, जव, पुन्हा मटण.
पाणी जेमतेम बुडेल एवढं. थाइमची एक काडी.
उकळी फुटली की करडा फेस काढून टाकायचा,
मग आच इतकी मंद
की भांड्याने झोपेत बडबडावं, तेवढंच.

यातलं एक अक्षर कुणी उच्चारलं नाही.
फिंटन डाव्या हाताने एकेक जिन्नस पुढे सरकवत होता.
शेवटी वर्तमानपत्र सरकलं.
तीन गाजरं.

मॅलकीने ती पाहिली. खिडकीतून गाईही पाहून घेतल्या.
मग सोलली, आणि मोठी चिरली,
अंगठ्याएवढी,
ज्याला नको त्याला चमच्याने बाजूला काढता येतील एवढी.

मला अजून तीन घरं होती.
म्हाताऱ्या मिसेस मल्वीचं इन्सुलिन माझ्या पिशवीत.
तिला जाऊन सुई टोचून आले परत,
नोंदवहीत लिहिलं: जखम जुनी, वेळ लागला.

तिघांची पानं वाढलेली.
मॅलकीने गाजरं वेचून ताटाच्या काठावर मांडली,
सात.
ब्रेड संपला, रस पुसून झाला,
बघायला दुसरं काही उरलं नाही,
तेव्हा त्याने एक उचललं.
बराच वेळ चावत राहिला,
भातातला खडा शोधतात तसा.

"त्याला म्हणावं," गोणपाटाला म्हणाला, "मीठ कमी."
"त्याला म्हणावं," फिंटन म्हणाला,
"उद्यापर्यंत मुरू दे, मग बोल."

उरलेली सहा गाजरं त्याने डाव्या हाताने, एकेक करून,
परत भांड्यात टाकली.
मी मॅलकीचा उघडा पाय मांडीवर घेतला.
उद्या गुरुवार.
वार मॅलकीचा.