जुळारी

ट्रिएस्ट, १९१८

नवरा गॅलिशियाच्या खंदकात, म्हणून छापखान्यातले खिळे माझ्याकडे आले.
डॉक्टर पेर्तोतांचा मजकूर मीच जुळवला.
त्रेचाळीस ओळी, बारीक टायपात:
रुमाल उकळा.
बोरा वारा कितीही चावला तरी एक खिडकी उघडी ठेवा.
एका प्रेतामागे सगळी गल्ली जाऊ नका.
आणि शेवटी, कुणी न विचारता, आकडा:
आमच्या चढावरच्या वस्तीत, एका आठवड्यात, एकशे सतरा.

साडेअकराला प्रूफ परत आलं.
निळ्या पेन्सिलीनं त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी
इतक्या हळुवार खोडलेल्या,
जसा तापल्या कपाळावरून कुणी हात फिरवावा.
समासात दोनच शब्द: जनतेचं मनोधैर्य.

मी खिळे उपसले,
ज्याचा त्याच्या खणात टाकला.
पान तसंच निघालं:
वर साखरेचा भाव, खाली हरवलेलं कुत्रं,
मधे तळहाताएवढं पांढरं.

मासळीवाल्या तोंचकाला अक्षर येत नाही.
त्या दिवशी तिनं अंक हातात घेतला
आणि म्हणाली, आज मलासुद्धा वाचता आलं.

मग सगळेच वाचू लागले.
कुणी त्यात लसूण वाचली,
कुणी हौदात कालवलेलं विष,
तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर
इस्पितळातल्या परक्या नर्सेसची नावं वाचली
आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर दगड पडले.
कोऱ्या जागेत शुद्धलेखनाची चूक काढता येत नाही.

दीर द्रागो पेट्या बनवायचा.
रात्री दार ठोठावून म्हणाला, वहिनी, खिळे आहेत?
होते. हजारो होते.
सगळे शिशाचे. लाकडात एकही शिरला नसता.

नोव्हेंबरात धक्क्याला दुसऱ्यांची जहाजं लागली.
सेन्सॉर गेला; खणात पेन्सिल राहिली, अर्धी झिजलेली.
मी मजकूर पुन्हा जुळवला, समोर कागद नसताना.
बोटांना पाठ होता.
फक्त आकडा शिळा झाला होता,
आणि नवा विचारायचा कुणाला?
डॉक्टर त्या आकड्यात जाऊन बसले होते.

छापून आलं. अख्खं. एकही ओळ न गाळता.
तोंचकानं त्यात सार्डिन गुंडाळले.
आता छापू देतायत, म्हणाली,
म्हणजे खोटंच असणार.

मी भांडले नाही. काय म्हणून भांडू?
चार वर्षं तिला खोटं वाढलं
त्यातली निम्मी पानं माझ्याच हातची.
रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली.
ती खवले काढत होती, मान वर न करता म्हणाली,
तो रुमाल. किती वेळ उकळायचा?

त्रेचाळीस ओळी मी मनात वरून खाली गेले,
मग आमच्या सवयीनं उलट्या, उजवीकडून.
नव्हतं.

मला माहीत नाही, मी म्हणाले.
डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं. मी पाव तास उकळते.

तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली
आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.