बोटभर जागा

कानाकच्या विमानतळावर खिडकी एक,
वजनकाटा एक,
आणि काट्यामागे मी.

तुकुमेक विचारते, नार्सार्सुआक किती लांब?
पडदा म्हणतो, सरळ रेषेत दोनेक हजार किलोमीटर,
उड्डाण साडेचार तास.
मी तेच वाचून दाखवतो. पगार त्याचाच आहे.

ती हसते.
सरळ रेषेत डोमकावळासुद्धा जात नाही, पोरा,
मधे सगळा बर्फ.

आधी इलुलिसाट. तिथे मुक्काम.
धुकं उठलं तर नूक.
वारा पडला तर पुढे.
मागच्या खेपेला अकरा दिवस,
त्यातले तीन
एका अनोळखी बाईच्या सोफ्यावर.

पिशवीतून ती बूट काढते,
सीलच्या कातड्याचे, मुठीत मावणारे.
मालिकच्या पोराचे. पोर अजून पाहिलेलं नाही.
काट्यावर ठेवते.
काटा हलत नाही.

"मोठे होतील ना?"
"बोटभर जागा धुक्याला सोडलीय."

बाहेर इसाक धावपट्टी खरवडतोय, उगीचच.
आजचं विमान उद्यावर गेलं,
उद्याचं कुठे, ते मी विचारलेलं नाही.
तिला सांगतो.

ती बाकावर बसते,
चष्मा पुसते,
आणि टाचेची शिवण उसवायला घेते.