तिसरा हिस्सा

रोल्यात आमचं टायपिंग सेंटर, फोटोकॉपीवाल्याच्या पोटात.
व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टची तक्रार.
मृत्युपत्र महिन्याकाठी एखादंच.

दाऊदभाई सरखोत असरनंतर आले,
गळ्यात टेप तशीच.
बत्तीस वर्षं कामगारांचे कपडे शिवतायत;
शारजातल्या निम्म्या परांच्या
त्यांच्या टाक्यांवर उभ्या.
म्हणाले, "लिही. दोन हिस्से घरच्यांचे, ते शरियतनं ठरलेले,
तिथं माझी कातर चालत नाही.
तिसरा माझा."

मला वाटलं, मशीद. किंवा गावची शाळा,
बाणकोटच्या खाडीकाठी, फरशीवर नाव.
किंवा पेटीतून परत जाणाऱ्यांसाठी काही.
"मेलेल्याचं तिकीट कोणीतरी काढतंच," म्हणाले,
"कंपनी काढते, वकिलात काढते, वर्गणी निघते.
मला जित्याचं काढायचंय."

मग सांगितलं, टेप बोटाला गुंडाळत, सोडत:
ईदचा आठवडा, भाडं तिप्पट,
पगार अडकलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
तिकडे आईला माती दिली
तेव्हा हे एकशे चाळीस पँटींना काजं करत होते.
चाळिसाव्याला पोचले.
कबरीवर तोवर गवत आलेलं, शेळी चरत होती.
"हाकलली नाही मी. तीच तर होती तिच्याजवळ."

तर, सजाच्या लेबर कँपात –
वस्तीचं नावच सजा, मी काही म्हणत नाही –
ज्याची आई आज गेली, त्याला आजचंच तिकीट.
जात विचारायची नाही, देश विचारायचा नाही,
खरं-खोटंही फार विचारायचं नाही.
"एखादा खोटं बोलून आईला भेटून येईल.
येऊ दे."

मी टाईप केलं.
पुढे रकाना: लाभार्थीचं नाव.
"ते कसं कळणार?"
त्याखाली: लाभार्थीशी नातं.
ते माझ्या खांद्याकडे बघत राहिले, माप घेतात तसे.
संगणक रकाना रिकामा सोडू देत नाही.
मी एक टिंब दिलं.
त्यानं घेतलं.

चाळीस दिरहम झाले. दिले पस्तीस,
मरणाच्या कागदावरही घासाघीस –
"पाच त्या तिसऱ्यात जमा कर."

रात्री शटर ओढण्याआधी
मुंबईचं आजचं भाडं बघितलं.
सहज.
अकराशे वीस. दोन सीट शिल्लक.